पाळकीणबाई लक्ष्मीबाई : ‘स्मृतिचित्रां’चा कमी वाचला गेलेला उत्तरार्ध

१/ लक्ष्मीबाई टिळक हे नाव घेतले की मराठी वाचकाला शाळेच्या पुस्तकातला एखादा धडा आठवतो. वडिलांचे सोवळ्याचे वेड, विसरभोळा आणि रागीट कवी-नवरा, त्या दोघांची भांडणे, आणि ते सगळे हसत हसत सांगणारी एक बाई. ‘स्मृतिचित्रे’ची ही ओळख खरी आहे, पण ती बहुतांशी पूर्वार्धाची आहे. १९०० सालानंतर ही बाई ख्रिस्ती मंडळीत आली आणि पुढे एका दीक्षित पाळकाची पत्नी म्हणून अनाथांत, रुग्णांत आणि वसतिगृहातल्या पोरांत राबली. तिचे ते आयुष्य मात्र फारसे चर्चेत येत नाही. हा थ्रेड त्या आयुष्याविषयी.

२/ आरंभी एक शब्द. मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात आणि त्याच्या पत्नीला ‘पाळकीणबाई’. पाळकाला दीक्षा मिळते, नावामागे ‘रेव्हरंड’ लागते आणि मिशनकडून पगार मिळतो. पाळकीणबाईला यांतले काहीच मिळत नाही. तरीही मंडळीतली आजारी बाई, बाळंतीण, घर सोडून आलेला मुलगा, दुष्काळात आईबाप गेलेली मुलगी ही सगळी माणसे सर्वांत आधी तिच्याच दारात येतात. या पदाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नसते. त्यामुळे असे आयुष्य जगलेल्या बहुतेक स्त्रियांविषयी इतिहासाला काही ठाऊक नाही. लक्ष्मीबाई याला अपवाद ठरल्या, कारण त्यांनी स्वतः लिहून ठेवले.

३/ लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले, घरात हाक ‘मनू’. त्यांच्या जन्मापूर्वीच कुटुंबावर एक मोठा आघात झाला होता. त्यांच्या आईचे वडील १८५७च्या बंडाच्या धामधुमीत फासावर गेले होते. वडील नाना गोखले यांनी पुढे सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. स्पर्शाचे भय हेच ज्या घराचे शास्त्र, त्या घरात ही मुलगी वाढली. पुढे काय घडले ते समजण्यासाठी हा तपशील ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

४/ १८८०च्या सुमारास, वयाच्या जेमतेम अकराव्या-बाराव्या वर्षी, त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. लोकमान्य ते वेगळे. हे कवी, संस्कृतज्ञ आणि एका जागी न टिकणारे गृहस्थ. नोकरी धरावी, सोडावी, मनात आले की न सांगता निघून जावे, हातातले पैसे वाटेत भेटलेल्या गरजूला देऊन रिकाम्या हाताने घरी यावे, असा त्यांचा संसार. पत्नीला वाचायला त्यांनीच शिकवले. पण शिकवण्याची धीमी रीत त्यांना जमत नसे, आणि लिहिण्याचा सराव लक्ष्मीबाईंना कधीच पुरेसा झाला नाही.

५/ १८९३ साली टिळक राजनांदगावला निघाले असता रेल्वेच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवरून बोलणे निघाले आणि ते धर्मावर आले. उतरताना त्या गृहस्थांनी त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचायचे कबूल केले होते, म्हणून वाचले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्यांनी आधी विचारले नव्हते. ती त्या वेळी माहेरच्या माणसांत होती आणि दत्तू हा मुलगा अवघ्या चार वर्षांचा होता.

६/ त्या काळी या घटनेचा अर्थ काय होता? नवरा जिवंत, पण जातीच्या दृष्टीने मेलेला. बायको सधवा, पण तिच्या सधवापणाला घर नाही. नवऱ्याकडे जावे तर आईबापांचे दार कायमचे बंद. न जावे तर आयुष्य दुसऱ्याच्या अन्नावर. लक्ष्मीबाईंनी या काळातली आपली अवस्था लिहिली आहे. त्यात आक्रोश आहे, जीव द्यावासा वाटल्याची कबुली आहे, आणि त्याच पानावर स्वतःच्या वेडेपणाला हसणेही आहे. बहीण भिकूताई आणि मेव्हणे पेंडसे यांच्या आधाराने त्या मुलाला घेऊन पंढरपुरात राहिल्या. विठ्ठलाच्या गावात, नवरा ख्रिस्ती झालेली एक ब्राह्मण स्त्री.

७/ कायद्याची बाजूही पाहण्याजोगी आहे. १८६६ साली सरकारने एक कायदा केला होता. एखादा माणूस ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने जोडीदाराने त्याला सोडले, तर त्याला न्यायालयात जाता येत असे. जोडीदाराला विचार करायला मुदत दिली जाई आणि त्यानंतरही नकार आला, तर विवाह रद्द होऊन दुसरा विवाह करण्याची मोकळीक मिळत असे. अनेकांनी या कायद्याचा आधार घेतला. टिळकांनी घेतला नाही. त्यांनी पत्रे लिहिली, भेटायला आले, आणि वाट पाहिली. कागदावर मोडता येणारे हे लग्न दोघांनीही मोडले नाही.

८/ काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, पण धर्मांतरासाठी आल्या नाहीत. टिळक आता अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवत होते. लक्ष्मीबाईंनी चूल वेगळी मांडली. पाणी स्वतः भरायचे, स्वयंपाक स्वतः करायचा, कुणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. एकाच संसारात एक ख्रिस्ती आणि एक सोवळी ब्राह्मणी, अशी ही व्यवस्था. टिळकांनी तिला विरोध केला नाही. शीघ्रकोपी म्हणून ठाऊक असलेल्या या माणसाने या एका बाबतीत आश्चर्य वाटावे इतका धीर धरला.

९/ नगरची ती वस्ती कशी होती? अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे केले. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन शिक्षिकेने येथे मुलींच्या शाळा चालवल्या. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली येथूनच सुरू झाले. मंडळीत आलेली बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतली होती. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या दारावरून रोज जाणारी, ‘बाई, काही हवे का?’ म्हणून विचारणारी माणसे तीच होती, ज्यांची सावलीही टाळायची शिकवण त्यांना लहानपणापासून मिळालेली होती.

१०/ बदल घडला तो राहुरीला असताना. नगरपासून काही कोसांवरचे हे गाव मिशनच्या कामाचे एक केंद्र होते. लक्ष्मीबाई सांगतात त्याप्रमाणे त्यांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला : जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती, तर इतर प्राण्यांत जसा भेद उघड दिसतो तसा तो माणसांतही दिसला असता. तो दिसत नाही. मग हे माणसाचेच काम. हा विचार पक्का झाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे ठरवले आणि तसे सांगून टाकले. यात मिशनऱ्याचे प्रवचन नव्हते आणि नवऱ्याचा आग्रहही नव्हता.

११/ येथे एक क्रम नीट पाहावा. लक्ष्मीबाईंनी आधी जात सोडली आणि मग धर्म बदलला. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे त्यांना वाटले नाही. जातीचा प्रश्न सुटल्यावरही त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. श्रद्धेला त्यांनी स्वतःचा वेळ घेतला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे गेलेली बायको, असे त्यांच्याविषयी म्हणणे सोपे आहे. पण पाच वर्षे नकार देऊन, वेगळी चूल मांडून, स्वतःच्या तर्काने एकेक पायरी ओलांडत आलेल्या स्त्रीला ते वर्णन लागू पडत नाही.

१२/ ज्या वर्षी त्या मंडळीत आल्या ते साधे वर्ष नव्हते. १८९९-१९००चा दुष्काळ पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानाच्या स्मरणात ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणून राहिला, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला. नगर जिल्हा मुळातच पर्जन्यछायेतला. माणसे मिशनच्या अंगणात येऊन पडत. अनाथ मुलांनी मिशनची आश्रमगृहे भरून गेली. त्यांना जेवू घालणे, अंगावर कपडा देणे, पुढे काही हुन्नर शिकवणे हे काम मिशनने अंगावर घेतले. त्याचा आर्थिक हिशोब मिशनच्या अहवालांत आहे. पोरांच्या डोक्यातल्या उवा कुणी काढल्या आणि रात्री रडणाऱ्याला कुणी जवळ घेतले, याचा हिशोब त्यांत नाही.

१३/ टिळकांच्या घरात अशी मुले वाढू लागली. टिळक रस्त्यातून मूल घेऊन येत आणि पत्नीच्या हाती देऊन पुन्हा कामाला जात. भाकरी किती करायच्या, हा प्रश्न मागे राहणाऱ्या व्यक्तीचा. पगार एक, खाणारी तोंडे अनेक, आणि ती किती हे सकाळी सांगता येत नसे. लक्ष्मीबाई याविषयी कुरकुर करीत. ती कुरकुर त्यांनी लपवलेली नाही. आपण संत होतो असा आव त्या आणत नाहीत. नवऱ्यावर चिडतात, भांडतात आणि मग आलेल्या मुलाला न्हाऊ घालतात.

१४/ १९०४ साली टिळकांना दीक्षा मिळाली आणि ते ‘रेव्हरंड’ झाले. लक्ष्मीबाई पाळकीणबाई झाल्या. मिशनच्या व्यवस्थेत या पदाचे स्थान समजून घ्यावे लागते. सुरुवातीच्या काळात अमेरिकन मिशनरींच्या पत्नींनाही ‘साहाय्यक मिशनरी’ म्हणूनच धरले जाई. त्या खालच्या पायरीवर देशी पाळक, ज्याचा पगार गोऱ्या मिशनऱ्याच्या मानाने कितीतरी कमी. आणि त्याच्याही मागे देशी पाळकाची बायको, जिच्या श्रमाला नावही नाही आणि मोलही नाही. टिळकांना या विषमतेचा राग होता आणि तो ते उघड बोलत. लक्ष्मीबाईंना त्यावर भाषण करायला सवड नव्हती.

१५/ त्यांच्या सेवेची सर्वांत कठीण परीक्षा प्लेगने घेतली. १८९६ साली मुंबईत सुरू झालेली साथ पुढच्या काही वर्षांत दख्खनच्या शहराशहरांत पोहोचली. १८९७ साली सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. त्याच वर्षी पुण्यात तपासणीच्या जुलमातून रँडचा खून झाला. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली होती, पण लोक तिला भीत. एकदा गाठ आली की खात्रीचे औषध नव्हते. घरातल्या माणसाला प्लेग झाला की सख्खे नातेवाईकही त्याला सोडून पळत. साथीचे ते भय आजच्या वाचकाला पूर्वीइतके परके वाटणार नाही.

१६/ नगरला साथ आली तेव्हा मिशनच्या वसतिगृहातल्या मुलांना गाठी येऊ लागल्या. निरोगी मुले हलवली गेली, आजाऱ्यांसाठी वेगळी छावणी पडली. त्यांच्याजवळ कोणी राहायचे? लक्ष्मीबाई पुढे झाल्या. परिचारिकेची पदवी त्यांच्याकडे नव्हती. प्लेगच्या शुश्रूषेत तरी दुसरे काय करता येत होते? तापाने फणफणलेल्याला पाणी पाजणे, गाठी शेकणे, घाण काढणे, वातात उठून पळणाऱ्याला धरून ठेवणे, आणि जे मूल मरणार हे दिसते आहे त्याच्याजवळ बसणे. हे काम त्यांनी केले.

१७/ आता जलालपूरच्या घराची आठवण करावी. जिथे बाजारातली जिन्नस धुऊन घेतली जाई, त्या घरातली मुलगी आता अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतल्या मुलांच्या गाठींतला पू पुसत होती. वडिलांना स्पर्शाचे भय वाटे ते एका कल्पनेमुळे. इथे स्पर्शाने खरोखरच मरण येऊ शकत होते. वयाच्या तिशीत ज्या स्त्रीने वेगळी चूल मांडली होती, तिने काही वर्षांतच हे अंतर कापले. लक्ष्मीबाई या गोष्टीचा गाजावाजा करीत नाहीत. छावणीच्या हकिगतीतही त्यांना माणसांचे विनोदी वागणे दिसते आणि त्या ते सांगून मोकळ्या होतात.

१८/ त्यांच्या घराच्या आसऱ्याला आलेल्यांत एक नाव मराठी साहित्यातले आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. टिळकांनी त्याचे गुण ओळखले आणि तो नगरला त्यांच्या घरी राहू लागला. ख्रिस्ती पाळकाच्या घरी राहूनही तो हिंदूच राहिला. त्याला कुणी धर्म बदलायला सांगितले नाही. या हळव्या, रुसक्या मुलाचे रुसवे काढण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे होते. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून त्याचा अंत झाला. तो अवघ्या सत्तावीस वर्षांचा होता.

१९/ १९१२पासून टिळक ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादक होते. मंडळीच्या उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली गीते जाऊन अभंग आणि भजने यावीत, हा त्यांचा ध्यास. त्यांची शेकडो भक्तिगीते आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. हिंदुस्थानी माणूस ख्रिस्ती झाला म्हणून त्याने साहेब होऊ नये, असे त्यांचे मत होते. लक्ष्मीबाईंच्या घरात हे मत वेगळे शिकवावे लागले नाही. घरातले नऊवारी लुगडे, पंगत, ओव्या, माहेरच्या म्हणी हे सारे त्यांनी धर्माबरोबर टाकून दिले नव्हते. मराठी ख्रिस्ती घर कसे असू शकते याचा एक नमुना त्या घरात लोकांना पाहायला मिळाला.

२०/ १९१७ साली टिळकांनी आणखी एक उडी घेतली. मिशनची पगारी नोकरी त्यांनी सोडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ त्यांनी काढला आणि साताऱ्यास राहून ते ख्रिस्ती संन्याशाच्या वृत्तीने काम करू लागले. इतिहासात याची नोंद एका स्वतंत्र वृत्तीच्या हिंदी ख्रिस्ती विचारवंताचे धाडस म्हणून होते, आणि ते योग्यही आहे. पण महिन्याचा ठरलेला पगार बंद झाला तो एकट्या टिळकांचा नव्हे. संन्याशाच्याही घरी चूल पेटावी लागते. वयाच्या पन्नाशीत लक्ष्मीबाई पुन्हा एकदा नवऱ्याने न विचारता घेतलेल्या निर्णयासमोर उभ्या होत्या.

२१/ या वेळी मात्र त्या परक्याच्या आश्रयाला गेल्या नाहीत. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या भेदरलेल्या तरुणीत आणि या बाईत मोठे अंतर पडले होते. टिळकांची प्रकृती ढासळत होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि अस्थी नगरला आणल्या गेल्या. पाळक गेला की पाळकीणबाईचे पदही जाते. मिशनचे घर नाही, मानधन नाही, संचय तर त्या संसारात कधी नव्हताच. पुढे मुलगा देवदत्त नोकरीनिमित्त कराचीला गेला, तेव्हा लक्ष्मीबाईही काही काळ तिथे राहिल्या. उत्तरायुष्य त्यांनी नाशिकला घालवले, जन्मगावाच्या जवळ.

२२/ टिळकांचे एक काम अपुरे राहिले होते. येशूचे चरित्र ओवीबद्ध करणारे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी हाती घेतले होते. साडेदहा अध्यायांवर ते थांबले. जिला जोडाक्षरे लिहिणे अखेरपर्यंत जड गेले, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि चौसष्ट अध्याय रचले. नवऱ्याच्या कामाला हातभार, असे याला म्हणता येणार नाही. ग्रंथाचा फार मोठा भाग त्यांचाच आहे. घरकाम, पोरे, आजारी माणसे यांतून जी ओवी त्यांच्या कानात लहानपणापासून होती, तिच्या बळावर त्यांनी हे केले. ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले.

२३/ ‘स्मृतिचित्रे’चा जन्म मात्र योजून झाला नाही. देवदत्त टिळकांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते आणि त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. आई लिहीत गेली. टिळकांचे चरित्र बाजूला राहिले आणि त्यांच्या पत्नीचे आत्मचरित्र तयार झाले. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झाले. शेवटचा भाग छापून येण्याआधीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लक्ष्मीबाई वारल्या. संपूर्ण पुस्तकात त्या नवऱ्याचा उल्लेख ‘टिळक’ असाच करतात. त्यात मान आहे, आणि समोरच्या माणसाकडे थोडे दुरून पाहण्याची सोयही आहे.

२४/ पुस्तकाचे स्वागत भाषेच्या साधेपणासाठी झाले आणि तेच त्याचे भाग्य टिकले. १९५० साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. २०१७ साली शांता गोखले यांनी संपूर्ण पुस्तक नव्याने इंग्रजीत आणले. विजया मेहता यांच्या चित्रपटात सुहास जोशी यांनी लक्ष्मीबाईंची भूमिका केली. या सर्व प्रसिद्धीत टिळक-लक्ष्मीबाईंचा वादळी संसार पुढे राहिला. प्लेगच्या छावणीतली, अनाथांना जेवू घालणारी बाई मागे पडली. कदाचित असे काम वाचताना लक्षात राहत नाही, कारण त्यात रोज तेच घडते.

२५/ याच काळात गावोगावच्या मंडळ्यांत अशा कितीतरी पाळकीणबाई होत्या. राहुरी, सिरूर, सोलापूर, सातारा, वडाळा ही मिशनची ठाणी. प्रत्येक ठिकाणी चर्च, शाळा, दवाखाना, आणि त्या सर्वांना बांधून ठेवणारे एक घर. बायबल घेऊन खेड्यांत फिरणाऱ्या बायबलबायांना निदान थोडे वेतन मिळे आणि त्यामुळे त्यांची नावे हिशोबाच्या वह्यांत सापडतात. पाळकीणबाईंची सापडत नाहीत. अहवालांत पाळकाच्या नावाखाली त्यांचे सगळे श्रम जमा होतात. त्या कोण होत्या, कुठून आल्या, त्यांनी काय सोडले आणि त्यांना काय मिळाले, हे सांगायला त्यांच्याकडे वही नव्हती किंवा सवड नव्हती.

२६/ म्हणून ‘स्मृतिचित्रे’चा उत्तरार्ध वाचताना तो एका स्त्रीपुरता राहत नाही. त्यात दुष्काळ, प्लेग आणि धर्मांतर या तिन्ही घटना सरकारी किंवा मिशनच्या कागदांतून दिसतात त्याहून वेगळ्या, घराच्या आतून दिसतात. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे येथून सुरू झालेला प्रवास आजाऱ्याच्या ओठांशी पाणी नेण्यापर्यंत कसा पोहोचतो, हे त्यात आहे. ज्यांच्या संग्रही पुस्तक आहे आणि ज्यांनी ते टिळक ख्रिस्ती झाल्याच्या प्रकरणापाशी मिटून ठेवले आहे, त्यांनी ते तिथून पुढे उघडावे. बाईंचे खरे काम तिथून सुरू होते.

(समाप्त)